मलेरियावरचा झाडपाल्याचा काढा खरंच चालतो का, हे तपासायचं कसं

तापावर काढा देणारं एखादं जाणतं माणूस गावोगाव असतं, आणि त्याच्या काढ्यानं बरे झालेले लोकही असतात. प्रश्न असा, की ती माणसं काढ्यामुळे बरी झाली की काढा घेतला नसता तरी बरी झालीच असती? याचा छडा लावायला पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या संशोधकांना सहा वर्षं आणि सुमारे चार लाख युरो लागले. नव्या औषधाच्या संशोधनाला जो खर्च येतो, त्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. पुढच्या पायऱ्या मी त्यांच्याच क्रमानं मांडतो आहे. एक तर हा क्रम मोजक्या पैशांत बसतो. शिवाय त्यांना सापडलेलं झाड आपल्या बांधांवर आणि रस्त्याकडेला हवं तेवढं उगवतं: पिवळा धोत्रा, शास्त्रीय नाव आर्जेमोन मेक्सिकाना.

हे मार्गदर्शन वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माण किंवा आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी, आदिवासी भागात काम करणाऱ्या संस्थांसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या डॉक्टरांसाठी आहे. घरी करून बघण्यासाठी ते अजिबात नाही. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. मलेरियाच्या जंतूचे आपल्याकडचे दोन मुख्य प्रकार व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. व्हायवॅक्स निघाला तर क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन, फाल्सिपेरम निघाला तर आर्टेमिसिनिनवर आधारलेलं संयुक्त औषध, म्हणजे एसीटी. ही औषधं सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. फाल्सिपेरमचा ताप एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा ‘आधी काढा घेऊन बघू’ हा विचार जिवावर बेतू शकतो.

दोन वाटा, आणि उलटी वाट का बरी

सरधोपट वाट प्रयोगशाळेतून जाते. झाडं गोळा करायची, अर्क काढायचे, जंतूंवर टाकायचे, जो अर्क जंतू मारतो त्यातलं संयुग वेगळं करायचं, मग उंदीर आणि शेवटी माणूस. या वाटेनं मोठी औषधं मिळाली आहेत. सिंकोनाच्या सालीतून पेलेतिए आणि कावांतू यांनी १८२० साली क्विनीन वेगळं केलं. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या ‘प्रकल्प ५२३’मध्ये तू यूयू यांना आर्टेमिसिनिन मिळालं. त्याची कळ जुन्या ग्रंथातल्या एका ओळीत होती: वनस्पती मूठभर घ्यावी, पाण्यात भिजवावी आणि पिळून रस प्यावा. त्यात उकळणं कुठेच नाही, हे तू यूयू यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानाला ईथरनं अर्क काढला आणि तोवर धड न चालणारी वनस्पती चालू लागली. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण या वाटेवर हजारो अर्क काचेच्या नळीत चालतात आणि माणसापर्यंत येता येता गळतात. पोटात शोषले जात नाहीत, यकृत त्यांची वाट लावतं किंवा ते विषारी निघतात. उलट, लोक एखादा काढा पिढ्यानपिढ्या पीत असतील तर माणसाच्या शरीरात त्याचं काय होतं, हे थेट माणसांत बघता येतं. म्हणून दुसरी वाट: आधी रुग्ण, मग प्रयोगशाळा. इंग्रजीत तिला ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ म्हणतात आणि तिचा मुंबईशी जुना संबंध आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम रुग्णांवरच्या नोंदींतून जगापुढे मांडला. पुढे डॉ. अशोक वैद्य यांनी या पद्धतीला शिस्त आणि नाव दिलं. मुंबईत पारिजातकाच्या पानांवर मलेरियासाठी याच पद्धतीनं काम झालं आहे.

पायरी १: लोकांना विचारा, आणि नेमकं विचारा

मलेरिया किंवा तापासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या बाराशेहून अधिक वनस्पतींची नोंद झालेली आहे. ‘तुमच्याकडे तापावर काय देतात?’ असं विचारत फिरलात तर त्या यादीत आणखी चार नावं वाढतील, हाती काही लागणार नाही. मालीच्या गटानं प्रश्न बदलला. त्यांनी घरोघरी जाऊन विचारलं: तुमच्या घरात अलीकडे कुणाला मलेरिया झाला होता? तेव्हा नेमकं काय दिलं? किती दिवस? त्यासोबत आणखी काय घेतलं? आणि शेवटी काय झालं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दोन जिल्ह्यांतल्या ९५२ आजारपणांची माहिती त्यांनी अशी जमवली. त्यात ६६ वनस्पती आल्या. मग संख्याशास्त्रानं बघितलं की कोणती वनस्पती घेतलेले लोक जास्त प्रमाणात पूर्ण बरे झाले. पिवळा धोत्रा घेतलेल्या ३० जणांपैकी तीसच्या तीस बरे झाले होते. अधिक लोक वापरत असलेल्या इतर वनस्पतींचे आकडे त्याहून कमी होते. म्हणजे सगळ्यात लोकप्रिय झाड सगळ्यात गुणकारी असेलच असं नाही, आणि ही गोष्ट नुसती यादी करून कधीच कळली नसती.

असं सर्वेक्षण करताना पुढच्या गोष्टी सांभाळा.

आठवणीचा काळ लांबवू नका. दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं आजारपण लोकांना तपशीलवार आठवतं, वर्षापूर्वीचं नाही. हंगाम गाठा, आपल्याकडे पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने. ज्या घरात मृत्यू झाला तिथंही जा. तिथं विचारणं अवघड असतं, पण ती घरं वगळली तर तुमच्या वहीत फक्त बरे झालेलेच उरतात. गोळ्या आणि सुई यांच्याबद्दल वेगळं विचारा, कारण काढ्यासोबत डॉक्टरकडून घेतलेलं इंजेक्शन ‘औषध’ म्हणून सांगायचं राहून जातं. आणि ‘मलेरिया’ हे निदान कुणी केलं ते लिहा. रक्त तपासलं होतं, की अंगावर काटा आला म्हणून घरच्यांनीच म्हटलं? मालीतल्या या टप्प्यात बरीचशी निदानं घरचीच होती. तिथं बहुतेक तापांमागे मलेरिया असतो म्हणून ते चाललं. गडचिरोलीतही आज तसं गृहीत धरता येणार नाही. तिथं रक्ततपासणी झालेली आजारपणंच मोजावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीसपैकी तीस हा आकडा बघून हुरळून जायचं नाही. संख्याशास्त्रातला एक सोपा नियम लक्षात ठेवा: ‘न’ रुग्णांत एकही अपयश दिसलं नाही, तरी खरं अपयश शंभराला ३०० भागिले ‘न’ इतकं असू शकतं. ३० रुग्ण असतील तर १० टक्क्यांपर्यंत. आणि हे सगळी उत्तरं खरी धरून.

पायरी २: झाड नक्की कोणतं, हे कागदावर पक्कं करा

सर्वाधिक अभ्यास इथेच फुकट जातात. वैदू एक नाव सांगतो, आपल्या डोक्यात दुसरं झाड असतं आणि बाजारातल्या पुडीत तिसरंच निघतं. तापावरच्या कडू वनस्पतींत हा घोळ जास्त. चिराईत म्हणून हिमालयातली स्वर्शिया विकली जाते. कोकणात किराईत म्हणून देतात ती अँड्रोग्राफिस. दोन्ही कडूजहर, दोन्ही तापावर देतात, पण घटक पूर्ण वेगळे. गुळवेलीचं उदाहरण तर ताजं आहे. करोनाच्या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले रुग्ण आढळले आणि वाद पेटला: दोष गुळवेलीचा, की तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, तिच्याच टिनोस्पोरा या जातकुळीतल्या दुसऱ्या वेलीचा? नमुने जपून ठेवलेले असले तर असा वाद मिटायला सोपं जातं.

म्हणून काढा देणाऱ्याबरोबर स्वतः रानात जा. तो ज्या झाडाला हात लावेल त्याच झाडाची फूल-फळासकट फांदी घ्या, वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि कागदावर लावा. गाव, तारीख, जमीन, झाडाचा कोणता भाग वापरतात, गोळा करणाऱ्याचं नाव, स्थानिक नाव हे सगळं त्यावर लिहा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. तिथल्या तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्या, नमुना तिथे जमा करा आणि त्याचा क्रमांक प्रत्येक अहवालात लिहा.

झाडाचा भाग आणि वय याबाबत काटेकोर राहा. पिवळा धोत्रा यासाठी फार बोलका आहे. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं. त्याच्या तेलात सँग्विनारिन नावाचं विष असतं. मोहरीच्या तेलात ते भेसळ म्हणून गेलं की अंगावर सूज येते, हृदय निकामी होतं. १९९८ साली दिल्लीत या जलोदराच्या साथीत साठाहून अधिक लोक दगावले. मालीत मात्र काढ्यासाठी फळं धरण्यापूर्वीच्या झाडाची पानं वापरली. एकाच झाडाचं पान औषध म्हणून तपासलं जातं आणि बी माणूस मारतं. ‘पिवळा धोत्रा, १ किलो’ एवढंच वहीत लिहिणारा संशोधक धोकादायक काम करतो आहे.

पायरी ३: परवानगी आणि मालकी

ज्ञान ज्याचं आहे त्याच्याशी आधी बोला. ग्रामसभेत विषय मांडा. तुम्ही काय शोधता आहात, त्यातून पैसा आला तर काय होणार, त्याचं नाव छापायचं की नाही, हे सगळं मराठीत आणि गरज असेल तिथे माडिया, गोंडी किंवा भिल्लीत सांगा आणि लिहून घ्या. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ही माहिती आहे का ते बघा. परदेशी संस्था सहभागी असेल किंवा पुढे पेटंट घ्यायचं मनात असेल, तर जैविक विविधता कायदा २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. राज्याचं मंडळ नागपूरला आहे. केरळात काणी आदिवासींच्या आरोग्यपच्चा या वनस्पतीवर ‘जीवनी’ हे औषध तयार झालं तेव्हा संशोधन संस्थेनं आपल्या मिळकतीतला निम्मा वाटा त्यांना दिला. हे आपल्या देशात घडलेलं आहे, त्यामुळे ‘असं कुठे करतात का’ हे उत्तर चालणार नाही.

माणसांवरच्या कामासाठी संस्थेच्या नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी लागते. प्राण्यांवरच्या कामाला प्राणी नैतिकता समिती वेगळी. याला काही महिने जातात. ते वेळापत्रकात आधीच धरा.

पायरी ४: अर्क, आणि काचेच्या बशीतला जंतू

प्रयोगशाळेच्या निकालानं काढ्याचा शेवटचा निवाडा होत नाही, तरी तिला टाळूनही चालत नाही. निदान दोन अर्क करा. एक अगदी लोक करतात तसा: तेवढंच पाणी, तेवढाच वेळ उकळ, तेच भांडं. दुसरा इथेनॉलचा. पानं सावलीत वाळवा, उन्हात नको. वजन ओलं किती, वाळलेलं किती, अर्क किती उतरला, हे तिन्ही आकडे लिहा. पुढे मात्रा ठरवताना याच आकड्यांवर सगळं उभं राहतं.

फाल्सिपेरमचा जंतू माणसाच्या तांबड्या पेशींत सतत वाढवत ठेवण्याची रीत ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ साली दाखवली. खेड्यातल्या महाविद्यालयालाही पेलेल अशी तिची साधी आवृत्ती आहे. संवर्धनाच्या बश्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात, ठेवायच्या, आत एक मेणबत्ती लावायची, झाकण जवळजवळ बंद करायचं आणि ज्योत विझली की तोटी बंद करायची. आतला ऑक्सिजन कमी झालेला असतो, कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो, आणि जंतूला हीच हवा मानवते. मग ३७ अंशांवर ठेवायचं. अर्थात हे काम जैवसुरक्षेची सोय आणि तपासलेलं रक्त असलेल्या ठिकाणीच करावं.

किमान दोन वाण वापरा: औषधांना बळी पडणारा ३डी७ आणि क्लोरोक्विनला दाद न देणारा डब्ल्यू२ किंवा के१. शेजारी क्लोरोक्विन आणि आर्टेसुनेट ही ठरलेली औषधं ठेवा, म्हणजे तुमची चाचणीच बिघडलेली असेल तर कळेल. अर्क विरघळवायला डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरलं तर शेवटच्या मिश्रणात त्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत राहू द्या, नाहीतर जंतू त्यानंच मरतील. निम्मे जंतू थांबवणारी मात्रा, म्हणजे आयसी-५०, मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून कमी आली तर अर्क जोरदार म्हणायचा, ५ ते १५ असेल तर आशादायक, ५० च्या वर गेली तर जवळजवळ निष्क्रिय.

इथे दोन फसवे निकाल हमखास दिसतात. सॅपोनिन, म्हणजे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य, असलेला अर्क तांबडी पेशीच फोडतो. घरच कोसळलं की आतला जंतूही जातो आणि कागदावर अर्क उत्तम दिसतो. म्हणून जंतू नसलेल्या पेशींवरही तोच अर्क टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघा. दुसरं, गडद रंगाचा काढा चमकणाऱ्या रंगद्रव्यावर आधारलेल्या मोजणीत ढवळाढवळ करतो. शंका आली की काचपट्टी करून डोळ्यांनी मोजा.

याच अर्काचा सस्तन प्राण्यांच्या पेशींवर काय परिणाम होतो ते बघा. त्या पेशी मारायला लागणारी मात्रा जंतूच्या मात्रेच्या किमान दहापट हवी.

उलटाही धडा आहे. पिवळ्या धोत्र्यात बर्बेरिन, प्रोटोपिन आणि अॅलोक्रिप्टोपिन ही अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त तीव्र संयुगं, आहेत. बर्बेरिन नळीत जंतूंना छान रोखतं, पण तोंडावाटे घेतलं तर आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. फक्त बर्बेरिनच्या मागे लागलेला गट बहुधा मध्येच थांबला असता. मालीचा गट रुग्णांकडून सुरुवात करून आला होता, म्हणून टिकला.

पायरी ५: विषारीपणा

‘आमच्या आजीपासून घेतोय, काही होत नाही’ हा पुरावा आहे, पण तुटपुंजा. लगेच होणारी उलटी लोकांच्या लक्षात येते. सहा महिन्यांनी बिघडलेलं यकृत काढ्याशी कुणी जोडत नाही. म्हणून उंदरांवर एकाच मोठ्या मात्रेची आणि २८ दिवसांची चाचणी घ्या. यकृत, मूत्रपिंड, रक्त बघा. गरोदरपणातल्या परिणामांची तपासणी होईपर्यंत गरोदर बाईला कुठल्याही चाचणीत घेऊ नका.

उंदरांत गुण बघायचा तर पीटर्सची चार दिवसांची चाचणी सर्वमान्य आहे: प्लाझ्मोडियम बर्घाईचा संसर्ग द्यायचा, सलग चार दिवस अर्क पाजायचा, मग शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन जंतू मोजायचे. बर्घाई हा उंदीर-घुशींसारख्या कृंतक प्राण्यांतला जंतू, माणसाचा नव्हे. इथे अर्क नापास झाला तरी मी त्याला लगेच बाद करणार नाही, आणि पास झाला तरी पेढे वाटणार नाही.

हृदयाचा आलेखही विसरू नका. क्विनीन आणि हॅलोफँट्रिन या मलेरियाच्याच औषधांनी आलेखावरचा क्यूटी कालावधी, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, वाढतो. अल्कलॉइडवाल्या प्रत्येक वनस्पतीकडे त्याच संशयानं बघावं.

पायरी ६: पहिले रुग्ण, मात्रा चढती

मालीत मिसिदुगू या गावी ८० रुग्णांवर पिवळ्या धोत्र्याचा काढा तीन गटांत दिला: पहिल्या गटाला दिवसातून एकदा तीन दिवस, दुसऱ्याला दिवसातून दोनदा सात दिवस, तिसऱ्याला पहिले चार दिवस चारदा आणि नंतर तीन दिवस दोनदा. चौदाव्या दिवशी समाधानकारक गुण आलेले अनुक्रमे ३५, ७३ आणि ६५ टक्के.

हे तीन आकडे नीट बघा. आठवणीत तीसपैकी तीस बरे होते. डोळ्यांदेखत मोजलं तर उत्तम गटात शंभराला ७३. मात्रा दुपटीनं वाढवून गुण वाढला नाही, म्हणजे दोनदा सात दिवस हीच मात्रा पुढे न्यायची. आणि बहुतेकांच्या रक्तातून जंतू पूर्ण गेले नव्हते, फक्त कमी झाले होते. जिथं माणसाला वर्षातून अनेकदा मलेरिया होतो, तिथं मोठ्या मुलांत आणि प्रौढांत अर्धवट प्रतिकारशक्ती असते. जंतू कमी झाले की बाकीचं काम शरीर उरकतं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी अशी प्रतिकारशक्ती नाही. मालीतलं यश उचलून पालघरला लावता येणार नाही.

कुणाला चाचणीत घ्यायचं? साधा मलेरिया, रक्तात जंतू सिद्ध झालेले, आणि सुरुवातीला फक्त प्रौढ. पाणीही पिता न येणं, सारखी उलटी, झटके, गुंगी, खूप फिकटपणा, यातलं एकही लक्षण असेल तर तो माणूस चाचणीचा रुग्ण नाही. तो तातडीनं दवाखान्यात न्यायचा रुग्ण आहे. चाचणीच्या जागी एसीटी, आर्टेसुनेटचं इंजेक्शन आणि उभं असलेलं वाहन हवं. तिसऱ्या दिवशी ताप आणि जंतू दोन्ही आहेत, किंवा मधेच प्रकृती बिघडली, की काढा बंद आणि प्रमाणित औषध सुरू. हा नियम आधी लिहून ठेवा. त्या दिवशी वैदू, डॉक्टर आणि संशोधक तिघांनाही ‘अजून एक दिवस बघू’ असं वाटणार असतं.

व्हायवॅक्समध्ये आणखी एक गुंता. त्याचे झोपलेले जंतू यकृतात राहतात आणि आठवड्यांनी-महिन्यांनी परत उठतात. काढ्यानं रक्त स्वच्छ झालं तरी प्रायमाक्विन द्यावंच लागतं, तेही तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या विकराची कमतरता तपासून. म्हणून नवख्या गटानं व्हायवॅक्सच्या फेरउद्भवात पडू नये.

रक्ताचा थेंब मोजताना

सगळ्या चाचणीचा निकाल एका काचपट्टीवर ठरतो, म्हणून इथे थोडं थांबतो. एकाच पट्टीवर जाड आणि पातळ असे दोन थर करा. जाड थर इतपत असावा की त्याखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं जेमतेम वाचता येतील. पातळ थर मिथेनॉलनं पक्का करायचा, जाड थराला मिथेनॉल लागू द्यायचं नाही. मग गिम्सा हा रंग, संशोधनासाठी तीन टक्क्यांचं पातळ द्रावण ४५ मिनिटं ते तास.

जाड थरात २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत दिसणारे जंतू मोजा. ते शंभराच्या आत असतील तर ५०० पांढऱ्या पेशींपर्यंत जा. रक्ताच्या मायक्रोलिटरमध्ये ८,००० पांढऱ्या पेशी धरायची प्रथा आहे. समजा २०० पेशींत १२० जंतू दिसले: १२० गुणिले ८,००० भागिले २००, म्हणजे ४,८०० जंतू. कमी-मध्यम प्रसाराच्या भागात १,००० ते १,००,००० दरम्यानचे रुग्ण घ्यायची रीत आहे. प्रत्येक पट्टी दोघांनी एकमेकांना न विचारता वाचायची. फरक मोठा आला तर तिसऱ्यानं. वाचणाऱ्याला रुग्ण काढ्याचा की गोळीचा हे कळता कामा नये.

तपासणीचे दिवस ठरलेले: ०, १, २, ३, ७, १४, २१ आणि २८. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि लोक कामाला लागतात, त्यामुळे २१ आणि २८ व्या दिवशी माणूस शोधून काढणं हेच खरं कष्टाचं काम. आशाताईंना त्यासाठी वेगळं मानधन ठेवा. २८ दिवसांत परत जंतू दिसले तर जुनेच उफाळले की नवा डास चावला, हे जंतूंची जनुकं ताडून बघणाऱ्या पीसीआर तपासणीनं ठरवतात. त्यासाठी पहिल्या दिवशीचा रक्ताचा ठिपका गाळणकागदावर वाळवून ठेवलेला असावा लागतो. कुणी मधेच बाहेरून गोळ्या घेतल्या का, हे लघवीत क्लोरोक्विन तपासून पडताळता येतं. विचारताना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी खरं कळणार नाही.

पायरी ७: तुलना

काढा विरुद्ध काहीच नाही, अशी चाचणी मलेरियात करता येत नाही. तुलना प्रमाणित औषधाशीच, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीनं ठरायचं. डॉक्टरच्या किंवा वैदूच्या मर्जीनं नाही.

किती रुग्ण लागतील? दोन्ही औषधं ९५ टक्के चालतात असं धरलं आणि काढा १० टक्क्यांपर्यंत मागे पडला तरी चालेल असं ठरवलं, तर ८० टक्के खात्रीसाठी प्रत्येक गटात सुमारे ७५ रुग्ण. ती सूट ५ टक्क्यांवर आणली तर सुमारे ३००. त्यात गळतीसाठी दहा-पंधरा टक्के वाढवा. सूट किती ठेवायची हा प्रश्न गणिताचा नाही: किती लोक काढ्यावर बरे न होणं आपल्याला मान्य आहे, हे गावासमोर मोठ्यानं म्हणून बघा, मग आकडा लिहा.

मालीत ३०१ रुग्ण होते, मध्यम वय ५ वर्षं. २८ दिवसांत दुसरं औषध न लागलेले काढ्याच्या गटात ८९ टक्के, आर्टेसुनेट-अमोडियाक्विन या एसीटीच्या गटात ९५. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत गंभीर मलेरियाकडे गेलेले दोन्ही गटांत १.९ टक्के, झटके किंवा बेशुद्धी कुणालाच नाही. त्यांनी काढा एसीटीच्या जागी सुचवला नाही. जिथं औषध पोहोचत नाही अशा, खूप प्रसार असलेल्या भागात पहिला आधार म्हणून सुचवला, तोही आणखी मोठ्या चाचण्यांनंतर. तिथली चाचणी लक्षणांवरून धरलेल्या मलेरियावर होती, हे ८९ हा आकडा वाचताना लक्षात ठेवावं.

आपल्याकडचं एक उदाहरण तितकंच महत्त्वाचं आहे. सप्तपर्ण, कुटकी, चिराईत आणि सागरगोटा यांपासून बनवलेलं आयुष-६४ हे मलेरियासाठीच तयार झालं. व्हायवॅक्सच्या रुग्णांत क्लोरोक्विनशी त्याची तुलना झाली आणि २००० साली निकाल छापला गेला: २८ व्या दिवशी क्लोरोक्विनचे सगळे बरे, आयुष-६४ चे जवळजवळ निम्मे. हा निकाल दडवला गेला नाही, याचा मला आदर वाटतो. अशा चाचणीमुळेच वैद्य आणि डॉक्टर एका टेबलावर बसू शकतात.

पायरी ८: उद्याचा काढा आजच्यासारखाच कसा होईल

चाचणीत चाललेला काढा पुढच्या पावसाळ्यात तसाच असेल याची हमी झाड देत नाही. जमीन, ऋतू, तोडणीचं वय, साठवण यांनी घटक बदलतात. म्हणून एखादं खूणसंयुग ठरवा, पिवळ्या धोत्र्यासाठी बर्बेरिनसारखं, आणि प्रत्येक खेपेला त्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेत आहे का ते एचपीएलसीनं, म्हणजे मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रानं, बघा. गावपातळीवर संयुगं वेगळी करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर (टीएलसी, रक्ताची काचपट्टी नव्हे) रंगाचा ठिपका जुळवून प्राथमिक खात्री करता येते. बुरशी, जडधातू आणि कीटकनाशकांची तपासणी वेगळी. बांधावरचं तण फवारणीतून सुटलेलं असेल असं धरू नका.

आर्टेमिसिनिन जिच्यातून मिळालं, त्या आर्टेमिसियाच्या बाबतीत जपावं लागतं. तिच्या पानांचा चहा किंवा पूड मलेरियावर वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे. पानांतलं आर्टेमिसिनिन कमी-जास्त असतं, अपुऱ्या मात्रेनं जंतू दगावत नाहीत, दाद न देणारे मात्र तयार होऊ शकतात आणि त्यातून एसीटीच हातची जाऊ शकते. ती वनस्पती घेऊन गावपातळीवर प्रयोग करायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा.

शेवटचं काम अहवालाचं. निकाल सीटीआरआयवर चढवा, फसलेले रुग्ण वयासकट आणि जंतूंच्या संख्येसकट द्या, आणि छापायच्या आधी ज्यानं झाड दाखवलं त्याच्या अंगणात बसून तो वाचून दाखवा. काढा चालला नसेल तर तेही त्याला तुमच्या तोंडून कळू द्या, आणि ताप आलेल्याला रक्ततपासणीला कुठे पाठवायचं, त्या आरोग्य केंद्राचा नंबर त्याच्या भिंतीवर लिहून या.